घरची चांदी मोडून सोनं घ्यावं का? इतवारीच्या सराफ्याची पायरी चढण्याआधीचा हिशेब

चांदीचा भाव चढला की नागपुरातल्या बऱ्याच घरांत एकच बोलणं सुरू होतं. कपाटात चार-पाच किलो चांदी नुसती पडून आहे, ती देऊन सोनं घेऊन टाकू. बेत वाईट नाही, पण तो बहुतेक वेळा वर्तमानपत्रातल्या दोन भावांवर ठरतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. छापलेला भाव शुद्ध, नव्या, बाजारातल्या धातूचा असतो. तुमच्या हातात मात्र चाळीस वर्षांपूर्वीची ताटं, डाख दिलेले (झाळून जोडलेले) तांबे आणि बिल हरवलेल्या तोरड्या असतात. म्हणून बाजाराचं प्रमाण बाजूला ठेवा आणि आपल्या घरचं प्रमाण काढा, म्हणजे आपली किती ग्रॅम शुद्ध चांदी दिली की खरोखर एक ग्रॅम शुद्ध सोनं घरी येतं. निर्णय त्या आकड्यावर घ्यायचा.

बाजाराचं प्रमाण आधी समजून घ्या

एक ग्रॅम सोन्याच्या भावाला एक ग्रॅम चांदीच्या भावाने भागलं की सोने-चांदी प्रमाण मिळतं. आपल्याकडे सोनं दहा ग्रॅमला आणि चांदी किलोला सांगतात, म्हणून चांदीच्या भावाला आधी १०० ने भागून दहा ग्रॅमचा भाव काढा. समजा चांदी किलोला १,५०,००० रुपये आणि २४ कॅरेट सोनं दहा ग्रॅमला १,२०,००० रुपये आहे. दहा ग्रॅम चांदी १,५०० रुपयांची झाली आणि प्रमाण ८० आलं. या लेखातले सगळे हिशेब याच मानलेल्या भावांवर आहेत, तुम्ही त्या दिवशीचे आकडे घाला.

इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे २२ कॅरेटचा भाव घेऊन भागाकार करणं. त्याने प्रमाण खोटं कमी दिसतं आणि अदलाबदल फायद्याची वाटते. दुसरी म्हणजे एक भाव जीएसटीसह आणि दुसरा जीएसटीविना घेणं. दोन्ही भाव एकाच दिवसाचे, २४ कॅरेट आणि ९९९ चांदीचे (हजारात ९९९ भाग शुद्ध), जीएसटी वगळून घ्या.

हे प्रमाण जितकं कमी, तितकी चांदी सोन्याच्या मानाने महाग, म्हणजे चांदी देऊन सोनं घ्यायला वेळ चांगली. प्रमाण जास्त असताना तोच व्यवहार घाट्याचा. ते किती हलतं याचा अंदाज जगाच्या बाजारातल्या चार प्रसंगांवरून येतो. जानेवारी १९८० मध्ये चांदी भडकली तेव्हा प्रमाण १७ च्या आसपास आलं होतं. १९९१ मध्ये ते १०० च्या घरात गेलं. एप्रिल २०११ मध्ये ३२ च्या जवळ उतरलं आणि मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या धक्क्यात १२० च्या वर चढलं. गेल्या चार दशकांत ४० च्या खाली ते फार थोडा काळ राहिलं आहे.

एवढे झोके का, तर चांदीच्या निम्म्याहून अधिक मागणीचं नातं कारखान्यांशी आहे: सौर पॅनेल, इलेक्ट्रॉनिक्स, विजेची उपकरणं. कारखाने थंडावले की चांदी कोसळते. सोन्याला त्या वेळी देशोदेशींच्या मध्यवर्ती बँकांचा आधार असतो, त्या सहसा चांदी साठवत नाहीत. शिवाय चांदीचा बाजार लहान, म्हणून तेवढ्याच पैशाने तिचा भाव जास्त उसळतो आणि जास्त पडतो.

जुनं प्रमाण १५-१६ होतं, ते पुन्हा येणारच, असं काही जण ठामपणे सांगतात. त्या भरवशावर चांदी धरून बसू नका. ते प्रमाण सरकारांनी ठरवून दिलेलं होतं. अमेरिकेच्या १७९२ च्या नाणे कायद्यात ते १५ होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक देशांनी चांदीचं चलन सोडलं आणि तो आधारच गेला.

घरातली चांदी चार ढिगांत वेगळी करा

सगळी चांदी सतरंजीवर मांडा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरेसा आहे, फक्त तो एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा असावा. प्रत्येक वस्तूचं वजन वहीत लिहा आणि फोटो काढा. चकाकी यावी म्हणून आधी पावडरने घासू नका. घासताना खरी चांदीच झिजते, आणि काळ्या थराचं वजन नगण्य असतं.

पहिला ढीग पाट (चांदीच्या जाड पट्ट्या), बिस्किटं आणि सीलबंद नाण्यांचा. यावर ९९९ किंवा ९९० लिहिलेलं असतं आणि बहुधा बिलही असतं. मोडीत सगळ्यात कमी नुकसान इथे होतं, म्हणून अदलाबदल करायची ठरली तर सुरुवात इथून. सील मात्र घरी फोडू नका.

दुसरा ढीग ताट, वाट्या, तांबे, पेले, ताम्हण अशा भांड्यांचा. जुन्या भांड्यांची शुद्धता दुकानागणिक वेगळी निघते. बुडाशी एखादा शिक्का असेल तर तो वाचा: ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. कान, पाया, नळी जिथे जोडली आहे तिथे डाख असतो आणि तिथली शुद्धता बाकीच्या भांड्यापेक्षा कमी भरते.

तिसरा ढीग पैंजण, तोरड्या, जोडवी, वाळे, करगोटा यांचा. यांत कड्या जास्त, म्हणजे डाख जास्त, म्हणजे शुद्धता कमी. घुंगरांतले खडे, दोरे, मीनाकारी, स्टीलचे फासे यांचं वजन वजा होणार हे धरून चला. समई, पोकळ मूर्ती आणि अत्तरदाण्याही याच ढिगात ठेवा, त्या वजनाने फसवतात. आत लाख, मेण किंवा लोखंडी सळई असते, त्यामुळे वजन दिसतं तेवढी चांदी नसते. जर्मन सिल्व्हरची भांडी याच ढिगात सापडतात. त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं, चांदी अजिबात नसते.

चौथा ढीग हलवायचाच नाही. महालक्ष्मींचे मुखवटे, देवाचे टाक, आजीच्या हातची एखादी अत्तरदाणी. ही मोडून मिळणारं सोनं काही ग्रॅमचं असतं आणि पुढच्या भाद्रपदात मुखवटे पुन्हा विकत घ्यावे लागतात, तेही मजुरी आणि जीएसटी भरून. जुनी नाणीही इथेच ठेवा. ब्रिटिश काळातला १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि सुमारे ९१.७ टक्के चांदीचा, म्हणजे त्यात १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. १९४० नंतरच्या चांदीच्या रुपयात ती निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. एखादं टांकसाळीचं किंवा सालाचं दुर्मीळ नाणं धातूच्या कितीतरी पट किमतीचं असू शकतं. नागपूरकर भोसल्यांच्या काळातली नाणी घरात निघाली तर नाण्यांच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय ती मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात) जाऊ देऊ नका.

शुद्धता तपासून घ्या

सराफ्यात शुद्धतेला टंच म्हणतात. ८० टंच म्हणजे शंभरात ऐंशी भाग चांदी. एक्स-रे यंत्रावर, म्हणजे लोक ज्याला कॅरेटमीटर म्हणतात त्यावर, दोन मिनिटांत आकडा येतो. हे यंत्र वरचा पातळ थरच वाचतं. मुलामा दिलेली वस्तू त्यावर अव्वल ठरते आणि डाखावर नेम धरला तर चांगलं ताटही कमी दिसतं. म्हणून एका वस्तूची किमान तीन ठिकाणी तपासणी मागा: मधला भाग, कड आणि जोड. मुलाम्याची शंका असेल तर न दिसणाऱ्या जागी कानशीने थोडं घासून पुन्हा तपासा.

इतवारीच्या सराफा बाजारात किमान दोन ठिकाणी, आणि धरमपेठ-सीताबर्डीकडच्या एखाद्या मोठ्या दालनात एकदा, अशी तीन मतं घ्या. विचारताना चार प्रश्न वेगवेगळे विचारा: टंच किती धरणार, आटणीची, म्हणजे वितळवताना होणारी, घट किती कापणार, चांदीचा कोणता भाव लावणार, आणि रोख घेतलं तर भाव वेगळा आणि सोनं घेतलं तर वेगळा आहे का. एकच गोळाबेरीज आकडा सांगणाऱ्याशी तुलना करता येत नाही. भाव चांगला सांगून टंच कमी धरला की हिशेब तिथल्या तिथेच राहतो. धनत्रयोदशी, अक्षय तृतीया आणि लग्नसराईची गर्दी टाळून आठवड्यातल्या साध्या दिवशी सकाळी जा. त्या वेळी काट्याजवळ उभं राहून सगळं पाहता येतं.

चांदीच्या दागिन्यांवर एचयूआयडीसह (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक) हॉलमार्क १ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे, पण तो ऐच्छिक आहे. जुन्या चांदीवर तो नसणं स्वाभाविक आहे, त्या कारणाने कोणी भाव पाडत असेल तर ऐकू नका. टंच मोजून घ्या म्हणावं.

घरचं प्रमाण कसं काढायचं

आता वहीतले आकडे जोडू. समजा पाट १ किलो ९९९ चा आहे, भांडी ३,००० ग्रॅम आणि ९० टंच, तोरड्या-पैंजण ६०० ग्रॅम आणि ७० टंच. काट्यावर ४,६०० ग्रॅम. शुद्ध चांदी ९९९, २,७०० आणि ४२० मिळून ४,११९ ग्रॅम. काट्याच्या वजनाला भावाने गुणणाऱ्याला ६,९०,००० रुपये दिसतात. खरी शुद्ध किंमत आहे ६,१७,८५०. बाहत्तर हजार रुपये पहिल्याच ओळीत गेले, आणि ते कोणी फसवून घेतलेले नाहीत, ते मुळात कधी नव्हतेच.

भांडी आणि तोरड्यांवर एक टक्का घट धरू, म्हणजे ४,०८८ ग्रॅमच्या आसपास चांदी उरते. मोडीचा भाव बाजारभावापेक्षा तीन टक्के कमी, म्हणजे ग्रॅमला १४५.५० धरू. हाती सुमारे ५,९४,७७५ रुपये.

या रकमेतून २४ कॅरेटचं नाणं घेतलं आणि नाण्याची घडणावळ दोन टक्के असली, तर ग्रॅम १२,२४० ला पडतो आणि वर ३ टक्के जीएसटी धरून १२,६०७ रुपये. सोनं मिळतं ४७.१८ ग्रॅम. प्रमाण ८० धरून कागदावर ५१.४९ ग्रॅम यायला हवं होतं. ४,११९ ला ४७.१८ ने भागा: घरचं प्रमाण ८७ च्या थोडं वर.

त्याच रकमेत १२ टक्के घडणावळीचा २२ कॅरेटचा दागिना घेतला तर ११,००० चा ग्रॅम घडणावळ आणि जीएसटीसह १२,६९० रुपयांना पडतो. ४६.८७ ग्रॅमचा दागिना येतो, पण त्यात शुद्ध सोनं ४२.९३ ग्रॅमच. घरचं प्रमाण जवळजवळ ९६. वजनात नाणं आणि दागिना सारखेच दिसतात, आणि नेमका इथेच चांगल्या जाणत्या माणसांचा हिशेब चुकतो. कागदावरच्या सोन्यातलं सोळा टक्क्यांहून अधिक सोनं या दुसऱ्या वाटेने जातं.

मोडीचा भाव, घट, घडणावळ यांचे टक्के दुकानागणिक बदलतील. तुमचे तीन ठिकाणचे आकडे घालून हेच गणित तीनदा करा.

एक भेद इथे ध्यानात ठेवा. चांदीची घट आणि मोडीची कपात ही चांदी कधीही विकली तरी लागणारच होती. अदलाबदलीमुळे नव्याने पडतो तो भार सोन्याची घडणावळ आणि जीएसटी यांचा, म्हणजे नाण्यावर साधारण पाच टक्के. पुढे नाणं विकताना एक टक्का कापला गेला असं धरलं, तर बाजाराचं प्रमाण ८० वरून सुमारे ८५ झालं की तुम्ही बरोबरीत येता. त्यापुढे चढलं तर फायदा. दागिना घेतला असेल तर ही बरोबरीची रेषा खूप वर जाते.

कर: अदलाबदल म्हणजेही विक्रीच

पैसे हातात आलेच नाहीत, मग कर कसला, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. आयकर कायद्याच्या लेखी अदलाबदल म्हणजेही हस्तांतरण, आणि त्या दिवशी चांदीवरचा नफा झालेला धरतात. २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेली चांदी असेल तर दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के आणि वर उपकर, महागाई निर्देशांकाची सूट न मिळता. त्याहून कमी काळ असेल तर नफा तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात मिळवला जातो.

वारशाने आलेल्या चांदीला आधीच्या मालकाचा कालावधी आणि त्याची खरेदी किंमत लागू होते. १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवसाची बाजार किंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते. जुन्या घरांसाठी हे मोलाचं आहे, कारण मूळ बिल बहुधा नसतंच. वरच्या उदाहरणात खरेदी किंमत दोन लाख धरली तर नफा ३,९४,७७५ आणि उपकरासह कर ५१,३२१ रुपये, म्हणजे चार ग्रॅम सोनं. तो धरला तर नाणं घेऊनही घरचं प्रमाण ९५ च्या वर जातं. हा कर पुढे कधीतरी द्यावा लागलाच असता, पण आज दिला तर तेवढी रक्कम आज कमी होते.

तो हलका करण्याचे सरळ मार्ग आहेत. थोडी चांदी ३१ मार्चपूर्वी आणि उरलेली १ एप्रिलनंतर दिली की नफा दोन वर्षांत विभागतो, पण १२.५ टक्क्यांचा दर ठरलेला असल्याने याचा उपयोग बहुधा करमुक्त मर्यादा शिल्लक असेल तरच होतो. चांदी ज्या ज्येष्ठाच्या मालकीची आहे त्यांचं इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल, तर उरलेली मर्यादा या नफ्यातून वजा होते. मालकी खरोखर त्यांची हवी, कागदावर फिरवलेली नको. रोज वापरातली जेवणाची भांडी वैयक्तिक वापराची वस्तू ठरतात का, हा प्रश्न सीएला आवर्जून विचारा. पाट, बिस्किटं आणि दागिने यांना ती सवलत नाही.

जीएसटीबद्दलही एक गैरसमज आहे. जुनी चांदी विकताना घरगुती माणसाला जीएसटी भरावा लागत नाही. पण नव्या सोन्यावर तो पूर्ण किमतीवर लागतो, चांदी वजा करून उरलेल्या फरकावर नाही.

मग द्यायची की नाही

इथून पुढे आमचं मत आहे, भावाचं भाकीत नाही. येत्या दोन वर्षांत घरात लग्न आहे आणि सोनं घ्यावंच लागणार आहे, तर पाट आणि मोडकी भांडी खुशाल द्या. घडणावळ आणि जीएसटी तुम्हाला तसेही भरायचे होते, त्यामुळे ते या व्यवहाराच्या खाती टाकू नका. त्या घरासाठी खरा प्रश्न उरतो तो चांदीला मोडीत काय भाव मिळतो एवढाच.

निव्वळ फायद्यासाठी करायची असेल तर बाजाराचं प्रमाण ८० किंवा वर असताना करू नका. ६० च्या खाली आलं की नाण्यांच्या रूपात एक तृतीयांश द्या, ५० च्या खाली दुसरा भाग, ४० च्या खाली उरलेला. तिसरा टप्पा कदाचित कधीच येणार नाही, आणि त्यात काही बिघडत नाही. एका दिवशी सगळं देणारा माणूस पुढच्या महिन्यात भाव पाहून हळहळतो, मग तो वर जावो की खाली.

जागेची अडचण हे कारणही खरं आहे. ८० च्या प्रमाणाने एक किलो चांदी म्हणजे साडेबारा ग्रॅम सोनं. चांदीची वीट तळहात व्यापते, तेवढ्या किमतीचं सोनं एखाद्या नाण्याएवढं. लॉकर लहान आणि घर बंद करून पुण्या-मुंबईकडे मुलांकडे जाणारे आई-वडील असतील तर दोन-चार टक्के नुकसान सोसूनही सोनं सोयीचं.

पैशांची तातडी हे मात्र मोडायचं कारण असू नये. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांत चांदीच्या दागिन्यांवर १० किलोपर्यंत आणि नाण्यांवर ५०० ग्रॅमपर्यंत कर्जाची तरतूद आहे. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला मूल्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. पाट आणि विटांवर ती सोय नाही.

चांदी ईटीएफमध्ये (शेअर बाजारात घेता-विकता येणाऱ्या फंडात) असेल तर टंच, आटणी, घडणावळ यातलं काहीच लागत नाही. विकून सोन्याचा ईटीएफ घेणं दोन दिवसांचं काम आहे, खर्च मुख्यतः दलाली आणि कर यांचा. फायद्यासाठी प्रमाणाचा खेळ खेळायचा असेल तर तो तिथेच खेळावा.

व्यवहाराच्या दिवशी

भाव आटणीच्या आधी ठरवा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. चांदी वितळल्यावर घासाघीस करायला तुमच्याकडे फारसं काही उरत नाही. मुशीत जाण्याआधीचं वजन स्वतः पाहा, लाख-मेण-लोखंड काढून झाल्यावरचं वेगळं पाहा. टाकणखार (बोरॅक्स) घातल्यावर वर येणारा मळ आणि मुशीच्या कडेला चिकटलेले कण खरवडून घेतले का ते बघा, त्यात दाणे राहतात. लगडी, म्हणजे ओतून झालेली चांदीची कांडी, पूर्ण थंड झाल्यावर तोला. दोन्ही टोकांचे तुकडे तपासायला द्या, कारण नीट न ढवळलेल्या लगडीत टोकागणिक टंच बदलतो. घट दोन टक्क्यांच्या वर निघाली आणि सांगता येण्याजोगं कारण नसेल, तर लगडी घेऊन बाहेर पडा. चाचणीची चिठ्ठी आणि वजन लिहून घेतलेलं असलं की ती शेजारच्या दुकानातही विकता येते.

कागद दोन हवेत: जुनी चांदी त्यांनी घेतल्याची खरेदी पावती, ज्यात वजन, टंच आणि भाव असेल, आणि नव्या सोन्याचं जीएसटी बिल. बिलाशिवाय तीन टक्के वाचवतो असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. पुढे ते सोनं विकताना खरेदी किंमत सिद्ध करता येणार नाही आणि नफा फुगलेला दिसेल. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो. रोख पैसे घ्यायचे ठरले तर दहा हजारांवरची रक्कम दुकानदार बँकेतूनच देईल, तो नियम त्याच्यासाठी आहे.

नाणी घेताना ४७ ग्रॅमसाठी दोन २० ग्रॅमची, एक ५ चं आणि उरलेलं १-२ ग्रॅमचं असं घ्या. सगळी एक-एक ग्रॅमची घेतली तर घडणावळ वाढते, आणि एकच मोठं घेतलं तर अर्धं विकता येत नाही. बँकेतून नाणं घेणार असाल तर बँका ते परत विकत घेत नाहीत हे माहीत असू द्या. दागिना असेल तर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, २२ कॅरेट ९१६ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी पाहा. काउंटरवर उभे असतानाच बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाका. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता तिथे जुळली की मगच बिलावर सही करा, आणि वहीतल्या चांदीच्या यादीसमोर बिलाचा क्रमांक लिहून दोन्ही कागद लॉकरबाहेर, घरच्या फाइलमध्ये ठेवा.